मागचं दार

"काल रात्री बाईला माझ्याच गाडीनं उडवलं, मॅडम. मीच चालवत होतो," ड्रायव्हर तुळशीराम तिसऱ्यांदा, न अडखळता म्हणाला. दवाखान्यात नेईपर्यंत बाई गेली होती. इन्स्पेक्टर वैजयंती दाभाडेंना त्याचं बोलणं पाठ केल्यासारखं वाटलं.

"आता शेवटापासून मागे सांगत या."

"पोलीस आले. त्याआधी मी बाईच्या तोंडात पाणी घातलं. त्याआधी मागचं दार उघडून उतरलो..."

"मागचं दार? मग गाडी कोण चालवत होतं?"

तुळशीरामला रडू फुटलं. "मालकांच्या मुलाचा मित्र. तुमचा शार्दूल, मॅडम."

आज सकाळी वैजयंतींचा मुलगा दोनदा पोहे मागून घेऊन जेमतेम तासापूर्वी कॉलेजला गेला होता. जबाब लिहिणाऱ्या हवालदारानं पेन खाली ठेवलं.

"लिहा," त्या कशाबशा म्हणाल्या. "शार्दूल अविनाश दाभाडे. वय एकोणीस."