एक नंबरची वायर

आत ताईचा नोकरीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू रंगात आला होता आणि बाहेर मी पहाऱ्यावर होते. तेवढ्यात ऑफिसमधून बाबांचा फोन आला, "माझ्या थोरल्या राउटरच्या एक नंबर पोर्टमधली वायर काढून ठेव गं."

"इतकंच ना? ही बघा, चुटकीसरशी!" म्हणत मी डावीकडची पहिलीच वायर उपटली.

"शाब्बास! त्याच्या डावीकडच्या पोर्टला मात्र हात लावू नकोस हं. त्या राउटरवर मोजणी शून्यापासून असते, आणि शून्यावर ताई आहे."

डावीकडे नुसती भिंत होती. हातातली वायर मी पाठीमागे लपवली.

 

दार उघडून ताई रडवेली होत म्हणाली, "चिमणे, नेट गेलं! धाव गं, घरात तुलाच तर यातलं कळतं!"