जवळचा रस्ता

तिसरीच्या वर्गात नवा रोबो आला होता. बाणांची बटणं दाबावीत तसा फरशीवर चालायचा. बाईंनी खडूने शाळेभोवतालचे रस्ते काढले आणि म्हणाल्या, "चला, याला आपापल्या घरी न्या बघू."

मागच्या बाकावरच्या अबोल मुलीने चौदा बटणं दाबली. रोबो बाजाराला वळसा घालून, दवाखान्यावरून तिच्या घरी पोचला. पोरं खिदळली.

"अगं, हा तर द्राविडी प्राणायाम झाला!" बाईही हसल्या. "गोदामांच्या गल्लीतून गेलीस तर पाच बटणांत घर."

"पण आई म्हणते, तिकडून नाही यायचं."

"आईचं राहू दे. इथे आपलं डोकं चालवायचं."

मुलीने पुन्हा बटणं दाबली. रोबो पाच बाणांत घरी पोचला, वर्गाने टाळ्या वाजवल्या आणि वर्षभरात पहिल्यांदाच ती पोर तोंडभर हसली. शिकवल्याचं सार्थक झालं, असं बाईंना वाटलं.

त्याच संध्याकाळी, गोदामात शिरायला मागे येणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरला एवढीशी पोर दिसलीच नाही.

दुसऱ्या दिवशी बाई तिच्या घरी गेल्या. आईच्या डोळ्यांतलं पाणी आटलं होतं. तिने बाईंचा हात घट्ट धरला.



"बाई, पहिलीपासून लांबच्या रस्त्यानेच यायची हो ती. माझा शब्द कधी मोडला नाही तिने. काल तिला हा रस्ता कुणी दाखवला असेल?"