वेग कमी न करण्याची सुधारणा

वायरलेसवर डेटाची पॅकेटं हरवली, की पाठवणारा संगणक वाटेत गर्दी आहे असं समजून वेग कमी करतो. अमेरिकेतल्या बोल्डर गावातल्या एका छोट्या प्रयोगशाळेचा प्रमुख ड्वेन हॅलोरन याने ही सवयच काढून टाकली, आणि त्याची फाइल तिप्पट वेगाने पोहोचू लागली.

"अरे ड्वेन, पण तुझी चाचणी चालू असताना मजल्यावरच्या बाकी सगळ्यांचं नेट बसलं," सहकारी मार्गो म्हणाली.

"मग? आलेखात शेजारी दाखवायचे असतात का?"

"दाखवले असते, तर तुझी रेघ एवढी वर गेली नसती."

"मार्गोबाई, या सुधारणेवर मिळू शकणारं कंत्राट हुकलं तर जूनमध्ये आपण नऊही जण घरी. तेव्हा रेघ बघा आणि गप्प बसा."

कंत्राटाची चाचणी डेन्व्हरला होती. पाच प्रयोगशाळांनी एकाच सभागृहातून, एकाच वायरलेसवर, एकाच वेळी फाइल पाठवायची होती. दहा मिनिटं झाली तरी एकाही पडद्यावरचा आकडा शून्यावरून हलला नाही. परीक्षकांनी कंत्राट कुणालाच न देता कागद आवरले.



उरलेल्या चारही प्रयोगशाळांनी नेमकी हीच सुधारणा करून आणली होती.