हिरवाच राहिलेला चुडा

बाळंतपण उरकून सून स्नेहल सासरी परत निघाली होती, पण देहूरोडला बसमध्ये बसल्यापासून सासूशी एक शब्द बोलेल तर शपथ! भागूबाई मनातून धुमसत होत्या. स्नेहल मांडीवरच्या बाळाकडंही बघत नव्हती.

नव्या बसमधले दिवे निळे होते. बस पुलाखाली अडकली, बाहेरचा उजेड तुटला आणि सगळ्यांचे रंग मेले. भागूबाईंचं हिरवं लुगडं काळं पडलं. बाळाचं लाल टोपडंही काळं झालं.

स्नेहलचा चुडा तेवढा पानासारखा हिरवा राहिला.

बस उन्हात आली. टोपडं पुन्हा लाल झालं. पण स्नेहलच्या हातांवर, तोंडावर आता तो निळा उजेड पसरला होता.

भागूबाईंनी दोन्ही हात पुढं केले.

"लेकरू हिकडं दे, बाई. आमची सून न्हाईस तू. भाकरतुकडा ओवाळून तुला घरात घ्यायची न्हाई मी."