कुलपातलं खमीर

हौदातल्या जवाच्या रसाला दुसऱ्या दिवशीही फेस आला नव्हता. आजोबांपासून या कारखान्यातली बिअर ज्या खमिरावर उठायची, ते कपाटातल्या कपाटात मेलं होतं. कपाटाची किल्ली मात्र थोरल्या भावाच्या कमरेला शाबूत होती.

"कुणीतरी काहीतरी कालवलंय," तो म्हणाला. कामगारांचे हात हुंगून झाले होते, बायकोच्या पिशवीतही डोकावून झालं होतं. आता हा हौद वाया गेला की कारखान्याला टाळंच लागणार होतं.

तेवढ्यात धाकटा आला, झाकणाला फडकं बांधलेली किटली घेऊन. वाटण्यांच्या वेळी यानं खमीर चोरलं, असं थोरला गावभर सांगत सुटला होता. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

"याला कुणी बोलावलं?"

"मी," बायको म्हणाली. "मामंजी मागेल त्याला खमीर द्यायचे. आपलं मेलं तर त्याच्याकडे असावं म्हणून. कुलूप तुम्ही घातलंत."

थोरल्याने किटलीत नाक घातलं. तोच वास, वडिलांच्या सदऱ्याला यायचा तो. त्याला भडभडून आलं, पण तोंडातून निघालं भलतंच.

"म्हणजे चोरलं होतंसच!"

"चोरलं होतं, दादा. म्हणून तर आज आहे."

"चोराच्या उलट्या बोंबा! आधी तू पी."

धाकट्याने दोन घोट घेतले, तोंड वाकडं केलं आणि बाकीचं सगळं हौदात ओतलं.

"सगळं?" थोरल्याचे डोळे बारीक झाले. "मग तुझ्या भट्टीत काय घालणार? डाव काय आहे तुझा?"

"एवढ्या हौदाला अर्ध्या किटलीनं काय होणार होतं?"

दिवसभर दोघे हौदाच्या दोन टोकांना बसून राहिले. धाकटा रसाकडे बघत होता, थोरला धाकट्याकडे. दिवेलागणीला एक बुडबुडा आला, मग चार-पाच, आणि बघता बघता हौदावर फेस धरला. बायकोने डोळ्यांना पदर लावला.

धाकटा रिकामी किटली उचलून दाराकडे निघाला.

"थांब." थोरल्याने घसा खाकरला. "मी कुणाला खमीर देत नसतो. तुलाही देणार नाही."

मग तो वळला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"आटप लवकर. माझा तुझ्यावर काडीचा विश्वास नाही."

कानांत प्राण आणून तो ऐकत होता. किटली काठोकाठ भरेपर्यंत वळला नाही.