यादीतली सारा

"डॅडी, सापडली! सारा नाव तिचं. सारा!"

ओडेसा फोनवर इतक्या मोठ्यानं बोलली की कोर्टाच्या दफ्तरखान्यातल्या मिस इमोजीननं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. एकसष्ट वर्षांच्या निवृत्त मास्तरणीनं शाळकरी पोरीसारखं किंचाळावं, हे दफ्तरखान्याच्या नियमांत बसत नव्हतं. पण मिस इमोजीननं पुन्हा आपल्या कागदांत डोकं घातलं. गेले तीन आठवडे ही काळी बाई रोज दार उघडायच्या आधीच पायरीवर येऊन बसलेली असायची, हे तिनं पाहिलं होतं.

पलीकडे तिचा बाप लिनवुड अंथरुणावर होता. व्हर्जिनियाच्या खाडीत साठ वर्षं कालवं काढलेला माणूस. डॉक्टर आता महिन्यांची भाषा करत नव्हते. मरणाची त्याला भीती नव्हती, त्याचं भांडण होतं ते आडनावाशी. हार्न्सबी. त्याच्या लेखी हे नाव त्या गोऱ्या मळेवाल्याचं, ज्यानं त्यांच्या पूर्वजांना विकत घेतलं होतं. गुलामांना मालकाचंच आडनाव चिकटायचं, हे घरात लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं.

"त्या माणसाचं नाव उरावर घेऊन मी झोपणार नाही," त्यानं ठणकावून सांगितलं होतं. थडग्याच्या दगडावर नुसतं लिनवुड कोरायचं. ओडेसाचा जीव तुटत होता. नुसतं लिनवुड? कुणाचा कोण, बेवारशासारखं? म्हणून ती मालकाचीच कागदपत्रं धुंडाळायला बसली होती. त्यांत आपलं माणूस कुठेतरी असणारच, निदान एखादं नाव तरी.

आणि आज १६७१ सालच्या करपात्र माणसांच्या यादीत ती ओळ मिळाली. 'टोबायस हार्न्सबी, प्लँटर. स्वतः आणि सारा. डोकी दोन.'

"मालक आणि त्याची गुलाम, डॅडी. तीच आपली पहिली. दगडावर 'साराच्या वंशातला' असं घालू या?"

"सारा," म्हातारा म्हणाला. मग पुन्हा चव घेत म्हणाला, "सारा. बरं नाव आहे. घाल."

ओडेसा डोळे पुसत होती तोवर मिस इमोजीन उठून तिच्या मागे येऊन उभी राहिली. असली किरटी अक्षरं वाचण्यात तिची चाळीस वर्षं गेली होती. तिनं यादीवर बोट ठेवलं.

"साराच्या पुढे फराटा दिसतोय ना, मिस ओडेसा? तो शाईचा डाग नाही. 'त्याची बायको' असं लिहिलंय ते."

मालकाची बायको! म्हणजे मरायला टेकलेल्या बापाच्या दगडावर आपण मालकिणीचं नाव घालायला निघालो होतो. तिकडे म्हातारा ते नाव स्वतःशीच घोकत होता, फोनमधून ऐकू येत होतं. कुठल्या तोंडानं सांगायचं त्याला? पण सांगणं भाग होतं.

"डॅडी, चुकलं माझं. ही गोरी बाई आहे. मालकीण."

पलीकडचं घोकणं थांबलं.

"अहो, थांबा की जरा!" मिस इमोजीन करवादली. "मास्तरीण ना तुम्ही? अर्धा पेपर वाचून मार्क देत होता की काय? खालची ओळ बघा. एडमंड कॉलियर, प्लँटर, डोकी एक. हा गोरा. याला बायको होती, चार मोठ्या लेकी होत्या. मी मृत्युपत्र वाचलंय त्याचं. कुठे आहेत त्या इथे?"

"नाहीत."

"कशा असतील? गोऱ्यांच्या बायकालेकी मोजतच नसत. कर होता तो काळ्या बायकांवर. मग ती गुलाम असो, स्वतंत्र असो, नाहीतर कुणाची लग्नाची बायको असो."

ओडेसानं वरची ओळ पुन्हा वाचली. "पण हा टोबायस तर प्लँटर आहे, मळेवाला."

"स्वतःच्या जमिनीत तंबाखू लावली की झाला प्लँटर. दोन एकर का असेना." मिस इमोजीन आतल्या कपाटाकडे गेली आणि कोर्टाच्या निकालांची जाडजूड वही घेऊन आली. नाव शोधायला तिला फार वेळ लागला नाही. तिनं वही ओडेसापुढे सरकवली. "वाचा. मोठ्यानं वाचा, त्यांनाही ऐकू दे."

ओडेसानं फोन वहीजवळ ठेवला आणि वाचू लागली.

"'मी टोबायस हार्न्सबी, काळा माणूस, प्लँटर, कोर्टापुढे अर्ज करतो. मी आणि माझी बायको सारा या किनाऱ्यावर गुलाम म्हणून बांधलेले आलो आणि स्वतः पिकवलेली तंबाखू मोलापोटी भरून सुटलो. शेजारणी जशा आपापल्या घरच्या, तशीच ती माझ्या घरची. त्यांचं डोकं मोजत नाही, तर हिचंच का मोजता?'"

पिढ्यान्‌पिढ्या घरात ज्याला शिव्या घातल्या, तो आपलाच मूळपुरुष निघाला होता.

"मग काय म्हणालं कोर्ट?" फोनमधून आवाज आला.

"नामंजूर."

"मग?"

ओडेसानं पानं उलटली. "पुढल्या वर्षी पुन्हा अर्ज. शब्दन्‌शब्द तोच. नामंजूर."

"मग?"

मिस इमोजीन आता तिच्याबरोबर खाली वाकून पानं उलटत होती. दोघी मोजत गेल्या.

"अकरा वर्षं, डॅडी. अकरा अर्ज. एकही मंजूर नाही."

पलीकडून घरघर ऐकू आली. ओडेसाचा जीव घाबरला, तिनं फोन कानाला लावला. मग तिच्या लक्षात आलं, म्हातारा हसत होता. खोकत, धापा टाकत, पोट धरून हसत होता.

"पोरी," दम खाऊन तो म्हणाला, "दगडवाल्याला सांग, हार्न्सबी आधी कोर. जागा उरली तर लिनवुड घाल."