चार पाउंड जास्त

गेजचा काटा तीसवर होता. रत्नाकररावांनी गेज डोळ्यांच्या अगदी जवळ आणला, मान तिरपी केली, पुन्हा बघितलं. तीसच. त्यांच्या मारुतीच्या टायरमध्ये सव्वीस पाउंड हवा असायची, एक जास्त नाही की एक कमी नाही. ब्याण्णव साली गाडी घेतली तेव्हापासून, गेली अकरा वर्षं, दर रविवारी सकाळी देवीची टेकरी चढून आले की ते स्वतः चारही चाकं मोजत. देवासच्या कारखान्यात मापं तपासण्यात जन्म गेलेला माणूस. घरच्या गाडीत चार पाउंडांची चूक त्यांना खपणारी नव्हती.

आणि गाडी तर पंधरा दिवस जागची हललेली नव्हती. डोळ्यांचा पडदा खराब झालाय, स्टेअरिंगला हात लावायचा नाही, असं इंदूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. त्या दिवसापासून किल्ली खुंटीवर लटकत होती. गुरुवारी जेवताना त्यांनी जाहीर केलं, की गाडी विकायची. त्यांच्या पत्नी जयवंतीबाई वाढता वाढता थांबल्या आणि पुन्हा वाढू लागल्या. तसंही या घरात जाहीर करायचं काम एकाच माणसाकडे होतं.

बाकीची तीन चाकंही त्यांनी मोजली. तीस, तीस, तीस. उभ्या गाडीची हवा उतरते, चढत कधी नाही. म्हणजे काटा बरोबर होता आणि डोळेच आता आकडा चुकवायला लागले होते. पेपर वाचणं सुटलं होतंच. गेज तेवढा अजून वाचता येतो, या आधारावर ते धीर धरून होते.

तेवढ्यात फाटक वाजलं. गाडी बघायला शालिग्राम आला होता. सरदारपूरचा शेतकरी, देवासला मेव्हण्याकडे उतरलेला. रत्नाकररावांनी रामराम न करताच गेज त्याच्यापुढे धरला.

"भिया, जरा देखो तो, काटा कितने पे है?"

"तीस पे, बाऊजी."

रत्नाकररावांचा जीव भांड्यात पडला. पण शालिग्राम उकिडवा बसला, टायरवर तळहात ठेवला आणि हसला.

"टायर तो गरम है, बाऊजी. गरम में हवा ज्यादा ही बताएगी. सुबे-सुबे कहाँ घूम आए?"

"मैं तो टेकरी गया था. पैदल."

"मी गेले होते."

दारात जयवंतीबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या.

"उज्जैन नाक्यापर्यंत. तुम्ही टेकरीवर जाता तेव्हा रोज जाते. रविवार तेवढा सोडायचे, तुम्ही हवा मोजता म्हणून. आज म्हटलं, गाडी जायचीच आहे, शेवटचं एकदा चालवून घ्यावी."

"तू? कधी शिकलीस?"

"दिवाळीत तुम्ही फाटकाला गाडी घासलीत ना, तेव्हाच मी समजले. दुसऱ्या दिवशी मोटर ट्रेनिंगवाल्याकडे नाव घातलं. लायसन हातात आलं की सांगणार होते. ते गुरुवारी आलं, आणि त्याच दिवशी तुम्ही गाडी विकायचं काढलंत."

दूधवाल्यापासून शेजारच्या सुभद्राबाईंपर्यंत सगळ्या कॉलनीला हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त घरच्या मालकाला. रत्नाकररावांना आधी राग आला, मग त्याहून जास्त लाज वाटली. डॉक्टरांच्या कितीतरी आधी आपले डोळे कुणीतरी तपासले होते आणि तोंडातून अवाक्षर न काढता तजवीजही करून ठेवली होती. त्यांना भरून आलं. ते लपवायला त्यांनी उगीचच गेज रुमालाने पुसला.

"भिया, माफ करना," ते शालिग्रामला म्हणाले, "गाड़ी नहीं देनी. चाय पीके जाओ."

मग त्यांनी ट्रे स्वतःकडे घेतला, गेज बायकोच्या हातात ठेवला आणि नेहमीसारखे करवादले, "हवा गार टायरची मोजायची असते. उद्या निघायच्या आधी मोज. मग मला टेकरीपर्यंत सोड."